जिनाचं कुलूप उघडा

प्रति,
मा. मुख्याधिकारी, मा. नगराध्यक्ष आणि सर्व सन्माननीय नगरसेवक

विषय: जुन्या जिन-प्रेसची इमारत पाडण्याचा ठराव आणि मुलांच्या नाटकाला नाकारलेली परवानगी

सप्रेम नमस्कार.

या पत्रात मी गावाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. स्टेशनच्या मागे बाभळींच्या रानात पत्रे उडालेला एक जिन, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधण्याचा कारखाना, उभा आहे, एवढं म्हटलं तरी खान्देशातल्या कितीतरी लोकांना हे आपलंच गाव वाटेल. तुम्हाला ओळख पटायला अडचण नाही, कारण या पत्राची प्रत काल आवक-जावक टेबलावर देऊन मी पोच घेतली आहे.

३० एप्रिलला दुपारी चार वाजता तुमच्या कार्यालयाचं एका ओळीचं पत्र आमच्या हातात पडलं. शेड धोकादायक असल्याने कार्यक्रमास परवानगी देता येत नाही, एवढाच मजकूर. दुसऱ्या दिवशी, १ मे रोजी, संध्याकाळी सात वाजता त्या शेडच्या अंगणात आमच्या मुलांच्या नाटकाचा तिसरा प्रयोग होता. पत्र मिळाल्यावर तासाभरात फाटकाला नवं कुलूप लागलं. मुलांचे कपडे, दोन हॅलोजन, एक डफ आणि ज्यांच्यावर सगळं नाटक उभं होतं त्या तीन हजेरीवह्या आतच राहिल्या. आठवड्याभराने कळलं की ही जागा व्यापारी संकुलासाठी मोकळी करण्याचा ठराव आधीच झालेला आहे आणि आतली यंत्रं भंगारात लिलावाने जाणार आहेत.

हे गप्प बसून पाहणं मला जमणार नाही. का, ते सांगते.

माझी आई या जिनात अकरा हंगाम कामाला होती. दिवाळी झाली की जिन सुरू व्हायचा आणि ऊन तापेपर्यंत चालायचा. ती घरी यायची तेव्हा तिच्या भुवयांवर आणि केसांत रुई असायची. मी लहान होते. मला वाटायचं, आई रोज संध्याकाळी म्हातारी होते आणि हातपाय धुतले की परत तरुण होते. तू तिथे नेमकं काय करतेस, हे मी तिला कधी विचारलं नाही. तिनेही कधी सांगितलं नाही. ती गेली तेव्हा त्या अकरा हंगामांचं माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. ना फोटो, ना पगाराची चिठ्ठी. तिचा खोकला तेवढा कानात राहिला आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि गावातल्या सतरा मुलामुलींचा एक नाट्यगट चालवते. सतरा ते बावीस वयाची ही मुलं. कुणाचे वडील केळीच्या ट्रकवर हमाल आहेत, कुणाची आई शाळेत खिचडी शिजवते. त्यातली काही विद्यापीठाच्या 'युवारंग' या युवक महोत्सवात एकांकिका करून आलेली. गेल्या दिवाळीनंतर आम्ही नवा विषय शोधत बसलो होतो, तेव्हा एका मुलीने विचारलं, "मॅडम, स्टेशनमागे ती उंच बिल्डिंग कशाची आहे?" माझ्या आईच्या कामाची ती जागा, आणि मला उत्तर अर्धवटच देता आलं. त्या अर्ध्या उत्तरातून हे नाटक सुरू झालं.

मुलांनी आधी वाचलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना आणि मुंबई इलाख्यातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमाराला आगगाडी खान्देशात शिरली. जळगावची कापसाची पेठ त्या काळात वाढली, १८७० च्या दशकात तिथे खान्देश मिल उभी राहिली. पुढे १९०० च्या आसपास सुरत-भुसावळ बाजूची ताप्ती व्हॅली रेल्वे झाली आणि लाइनीवरच्या गावांत स्टेशनाला लागून जिन आणि प्रेस उभे राहू लागले. अमळनेरला प्रताप मिल आली, तिच्या प्रतापशेठांनीच १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. आज जिला सगळं जग संगणकाच्या कामासाठी ओळखतं ती विप्रो २९ डिसेंबर १९४५ रोजी अमळनेरातच वनस्पती तुपाची कंपनी म्हणून नोंदली गेली. विप्रोच्या शेअरच्या गोष्टी आमच्या मुलांना पाठ होत्या. आपल्या स्टेशनचा मालधक्का इतका लांब का बांधला, हे एकालाही ठाऊक नव्हतं.

वाचून झाल्यावर मुलं जुन्या कामगारांच्या घरी गेली. तिथे मात्र काही हाती लागेना. वही-पेन आणि मोबाईलचं रेकॉर्डिंग घेऊन बसायची. समोरच्या आजी चहा करायच्या, म्हणायच्या, "काम करं, आखो काय?" काम केलं, आणखी काय? बाबा लोक पेन्शन आणि गुडघेदुखीवर बोलायचे. महिनाभर फिरून आमच्याकडे दोन पानं जमली नाहीत.

मग एका मुलाने एका आजींना स्कूटीवर बसवून जिनात आणलं. तेव्हा फाटक उघडंच असायचं. तुमच्या आधीच्या अधिकाऱ्यांनी तोंडी परवानगी दिली होती, त्याबद्दल त्यांचे आभार. आजी ऐंशीच्या पुढच्या. आत आल्यावर त्या कुणाशी बोलल्या नाहीत. यंत्रांच्या रांगेतून काठी टेकत गेल्या, एक, दोन, तीन मोजलं आणि चौथ्या जिनासमोर थांबल्या. सरकी काढणाऱ्या त्या यंत्रालाही जिनच म्हणतात. काठी भिंतीला लावली. "आठे मन्ही जागा व्हती." इथे माझी जागा होती. आणि त्यांचे हात चालू झाले. डाव्या हाताने ढीग ओढायचा, उजव्या हाताने कापूस मोकळा करत यंत्राच्या तोंडाशी सारखा पसरायचा, बोटं पात्याच्या आत जाऊ द्यायची नाहीत. यंत्र कित्येक वर्षं बंद आहे, कापूस नाही, पट्टा नाही, तरी त्यांचा हात ठरावीक ठिकाणी आला की झटकन मागे जायचा. एका मुलीने विचारलं, हात मागे का घेता? आजी म्हणाल्या, शेजारच्या जिनावरच्या बाईचा अंगठा गेला होता, तेव्हापासून. आणि मग त्या दोन तास बोलल्या. मजुरी किती, मुकादम कोण, तान्हं पोर झोळीत कुठे टांगायचं, रात्रपाळीला डोळा लागू नये म्हणून कोण काय करायचं. त्यांच्या सुनेने हे सगळं पहिल्यांदाच ऐकलं.

त्या दिवशी मला कळलं की माझ्या आईने मला काही सांगितलं नाही ते सांगायचं नव्हतं म्हणून नाही. तिला कुणी त्या जागी उभं करून विचारलंच नव्हतं. या लोकांचं काम त्यांच्या हातापायांत साठलेलं आहे. घरच्या पलंगावर बसून ते बाहेर येत नाही. त्या जिनापुढे उभं राहिलं की येतं. मला एवढंच तुम्हाला सांगायचं आहे, बाकीचं पत्र त्याचाच विस्तार आहे.

नंतर एकेक करून चौदा जण येऊन गेले. प्रेसची इमारत एवढी उंच का, तेही तेव्हाच उलगडलं. वरच्या मजल्यावरून मोकळी रुई पेटीत टाकायची, माणसांनी त्या पेटीत उतरून ती पायांनी तुडवायची, मग दाब द्यायचा आणि खाली लोखंडी पट्ट्या आवळून गाठ बाहेर काढायची. जुनी गाठ ३९२ पौंडांची, अशा दोन गाठींची एक खंडी. शंभर किलो कापसातून रुई निघते जेमतेम तेहेतीस-पस्तीस किलो, बाकी बहुतेक सगळी सरकी. पेटीत उतरून तुडवणाऱ्या एका बाबांनी मुलांना पाय कसे टाकायचे ते दाखवलं. टाच आधी, मग चवडा, आणि शेजाऱ्याच्या पायाशी ताल जुळला पाहिजे, नाहीतर रुई एका बाजूला बसते. आमच्या गटात एका मुलाच्या घरी वही गायनाची, म्हणजे खान्देशी लोकगायनाची, परंपरा आहे. त्याने डफ घेतला, बाबांच्या पायाखाली ठेका धरला आणि नाटकाचा पहिला प्रवेश तिथेच बसला. तो मी लिहिलेला नाही.

एका मुलीने शोधून काढलं की जुन्या मॅकार्थी पद्धतीच्या जिनांमध्ये रोलरवर वॉलरसचं कातडं गुंडाळत. उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात राहणारं ते जनावर. पंचेचाळीस अंशांच्या खान्देशात आपल्या आज्या त्या कातड्यावर कापूस टाकत असतील, या एका विचाराने तिला झोप आली नाही, असं तिने मला सांगितलं. भूगोलाच्या पुस्तकात जागतिक व्यापार हा धडा तिने आधीच वाचला होता.

वजनकाट्याच्या खोलीत, कबुतरांच्या घाणीखाली, हजेरीवह्या सापडल्या. पुरुषांच्या नावापुढे कुठे सही, कुठे अंगठा. बायकांच्या पानांवर मात्र पानोपानी अंगठेच. जांभळ्या शाईचे. काही इतके लहान की मुलांना ते स्वतःच्या अंगठ्याशी लावून पाहावेसे वाटले. प्रयोगात शेवटी मुली पांढऱ्या कापडावर जांभळ्या शाईचे अंगठे उमटवत आणि वहीतली नावं मोठ्याने वाचत. एप्रिलमधल्या दुसऱ्या प्रयोगाला आपलं नाव ऐकून प्रेक्षकांतून एक आजी "हाजीर" म्हणाल्या. मुलगी पुढचं नाव वाचू शकली नाही. माझ्या आईचं नाव तिसऱ्या वहीत आहे. ते मला तिथेच पहिल्यांदा दिसलं.

आता तक्रारी.

परवानगीचा अर्ज आम्ही १० एप्रिलला दिला होता. वीस दिवस त्यावर काहीही उत्तर आलं नाही. दोन प्रयोग झाले, तुमच्यातले तीन नगरसेवक पहिल्या प्रयोगाला येऊन बसले, मुलांच्या पाठीवर हात ठेवून गेले. आणि नकार आला तो आदल्या दिवशी, दुपारी चारला. बाहेरगावी स्थायिक झालेले दोन जुने कामगार त्या प्रयोगासाठी सुरतहून निघाले होते. १ मे हा महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन. तो दिवस मुलांनी उगाच निवडला नव्हता.

शेड धोकादायक आहे असं तुम्ही म्हणता. असेलही. मग त्याचा संरचनात्मक तपासणीचा अहवाल दाखवा. मी तोंडी मागितला, लेखी मागितला, माहितीच्या अधिकारात मागितला. अजून मिळालेला नाही. ज्या छपराखाली प्रेक्षकांना धोका आहे, त्याच छपराखाली नगरपरिषदेच्या चार घंटागाड्या रोज रात्री उभ्या असतात आणि सफाई कामगार तिथेच डबा खातात. धोका खरा असेल तर पहिल्यांदा त्यांना तिथून हलवा. आमचे प्रेक्षक तर अंगणात उघड्यावर बसतात. शेडमध्ये फक्त मुलं जातात, तीही पुढच्या दोन खणांत. तपासणीत तेही असुरक्षित ठरलं तर मी स्वतः मुलांना आत पाऊल टाकू देणार नाही. सतरा घरांतल्या आईबापांनी माझ्या भरवशावर ती पाठवलेली आहेत.

सगळ्यात जास्त मला लागलंय ते वह्यांचं. मुलांनी त्या झटकून, वर्तमानपत्रात गुंडाळून, वाळवीपासून दूर ठेवल्या होत्या. कार्यालयात मात्र मुलांनी शासकीय मालमत्तेला हात लावला असं ऐकवलं गेलं, एका मुलाला गुन्हा दाखल करू असंही सांगितलं गेलं. तो एकोणीस वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतो. त्या रात्री तो जेवला नाही. ज्या खोलीचं दार कुणी उघडलं नव्हतं, तिथली कागदपत्रं वाचवणाऱ्या पोराला चोर ठरवलं गेलं आणि आता तीच खोली लिलावाच्या यादीत "इतर किरकोळ भंगार" म्हणून आहे. इतिहासाचार्य राजवाडे जुनी दप्तरं मिळवायला गावोगाव हिंडले, धुळ्यात १९२६ साली त्यांनी देह ठेवला, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. ज्या मातीत हे झालं त्या मातीत हजेरीवह्या किलोने विकल्या जाऊ नयेत.

आणि बैठकीत झालेलं एक वाक्य: नाटकं करायचीत तर सांस्कृतिक भवनात करा. भवन चांगलं आहे, तिथे आम्ही पूर्वी प्रयोग केलेत, पुढेही करू. पण त्या आजींना भवनाच्या रंगमंचावर नेलं तर त्या चौथा जिन कुठे मोजतील? हे एकच नाटक असं आहे की ते त्या जागेतून निघालं आहे. जागा गेली की पुढच्या वर्षी नवी मुलं येतील तेव्हा त्यांना जुनी माणसं पुन्हा पलंगावर बसून "आखो काय" म्हणतील. आणि खरं सांगायचं तर अशी किती वर्षं उरलीत? चौदांपैकी दोघं या उन्हाळ्यात गेले.

तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. नगरपरिषदेला उत्पन्न हवं आहे. स्टेशन रोडवर उन्हात बसणाऱ्या भाजीवाल्या बायकांना छप्पर हवं आहे, त्यातल्या निम्म्या याच जिनातल्या कामगारांच्या लेकीसुना आहेत. त्यांचं छप्पर अडवून मला नाटक करायचं नाही. पण ती जागा दोन एकरांच्या वर आहे. प्रेसची इमारत आणि तिला लागून असलेली जिनांची एक रांग एवढीच आम्ही मागतो, ती एका कोपऱ्यात आहे. उरलेल्या जागेत गाळे खुशाल बांधा.

हा जिन म्हणजे सुवर्णकाळ होता असंही आमचं नाटक म्हणत नाही. धुळीने छाती भरायची. बायकांना पुरुषांपेक्षा मजुरी कमी होती. गेलेल्या अंगठ्याचे पैसे मिळाले की नाही, यावर नाटकात एक आख्खा प्रवेश आहे. साने गुरुजी अमळनेरच्या गिरणी कामगारांच्या बाजूने उभे राहिले ते सगळं बरं चाललं होतं म्हणून नव्हे. म्हणूनच मला तिथे रंगरंगोटी केलेला पुतळा किंवा सेल्फी पॉइंट नको आहे. पाचोरा-जामनेरची पीजे गाडी कोरोनात थांबली, ती छोटी गाडी पुन्हा धावली नाही. आज तिचे फोटो सगळे मोबाईलवर फिरवतात. तिच्यात कोळसा घालणाऱ्यांचे हात किती भाजायचे हे विचारायला आपण उशीर केला. इथे अजून उशीर झालेला नाही.

कायद्याचंही थोडं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ नुसार विकास योजनेत ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू आणि स्थळांच्या जतनाची तरतूद करता येते. म्हणजे मी तुमच्याकडे काही कायद्याबाहेरचं मागत नाही. मुंबईत बंद गिरणीच्या आवारात वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करण्याचं काम महापालिकेने हाती घेतलं. आमच्याकडे तेवढा पैसा नाही, तो मागतही नाही.

मागण्या अशा:

१. यंत्रांचा आणि कागदपत्रांचा भंगार लिलाव ताबडतोब थांबवावा. पावसाळा तोंडावर आहे, वह्यांच्या खोलीचं छप्पर गळतं, म्हणून वह्या आधी बाहेर काढाव्यात आणि पंचनामा करून धुळ्याच्या संशोधन मंडळासारख्या संस्थेकडे किंवा तालुक्याच्या ग्रंथालयाकडे सोपवाव्यात.

२. इमारतीची संरचनात्मक तपासणी शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून करून घ्यावी आणि अहवाल सूचना फलकावर लावावा. तो येईपर्यंत घंटागाड्याही तिथे उभ्या करू नयेत.

३. संकुलाचा आराखडा बदलून प्रेसची इमारत आणि जिनांची एक रांग वगळावी. यावर गावाची सभा बोलवावी आणि जुन्या कामगारांना पहिल्या रांगेत बसवावं.

४. अंगणात तालीम आणि प्रयोग करण्याची लेखी परवानगी मुलांना द्यावी. अटी घाला, आम्ही पाळू. वीज, पाणी, साफसफाई आमची.

५. ज्या मुलाला गुन्ह्याची भीती घातली गेली त्याला, त्याच्या वडिलांसमोर, असं काही होणार नाही हे कार्यालयाने लेखी कळवावं. त्याच्या भरतीचा प्रश्न आहे.

पाचवी मागणी तुम्हाला लहान वाटेल. माझ्यासाठी ती पहिली आहे.

पंधरा दिवसांत लेखी उत्तराची अपेक्षा करते. उत्तर काहीही असो, मुलं थांबलेली नाहीत. रोज संध्याकाळी साडेसहाला फाटकाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला तालीम असते. चौथ्या जिनावरच्या आजी दर मंगळवारी येतात आणि खुर्चीवर बसून मुलींचे हात दुरुस्त करतात. तुमच्यापैकी कुणीही, कोणत्याही दिवशी या. येताना किल्ली आणलीत तर डफ बाहेर काढता येईल, सध्या आम्ही डब्यावर वाजवतो.

आपली नम्र,
नाट्यगटाची मार्गदर्शक, या गावची करदाती आणि हजेरीवही क्रमांक तीनमधल्या एका बाईची मुलगी